आशय विश्लेषणाचा लघुप्रबंध : मोजायला बसण्याआधी मार्गदर्शकानं काय करून घ्यावं

एम.ए. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला बहुतेक विद्यार्थी लघुप्रबंधासाठी आशय विश्लेषण, म्हणजे छापून आलेल्या मजकुराची ठरलेल्या नियमांनी मोजणी, निवडतात. वर्तमानपत्रं हाताशी असतात, मुलाखतींसाठी कुणाच्या मागे धावावं लागत नाही, आणि मोजणी म्हणजे सोपं काम असा समज असतो. मग मार्चमध्ये शंभर पानी मजकूर टेबलावर येतो. त्यात टक्केवारीचे रंगीत तक्ते असतात, पण हे आकडे कसे आले या प्रश्नाला उत्तर नसतं. तोवर दुरुस्ती करायला वेळ उरलेला नसतो. दोष विद्यार्थ्याचा असतोच, पण बऱ्याचदा गाईडनं मोजणी फार लवकर सुरू करू दिलेली असते.

हा लेख मार्गदर्शक शिक्षकांसाठी आहे. विद्यार्थ्यांनीही वाचायला हरकत नाही. उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत घेतला आहे : विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या मराठी दैनिकं कशा देतात. हा विषय दर वर्षी कुणीतरी मागतंच, आणि त्यात चुकण्याच्या जागा भरपूर आहेत.

टप्पा १ : विषयातून प्रश्न काढणे

विद्यार्थी पहिल्या भेटीत आणतो ते शीर्षक साधारण असं असतं : 'शेतकरी आत्महत्या आणि मराठी वृत्तपत्रांची भूमिका : एक चिकित्सक अभ्यास'. यातला 'चिकित्सक' काढला तरी काही बिघडत नाही, आणि 'भूमिका' ठेवली तर काहीच मोजता येत नाही. शीर्षक बाजूला ठेवा आणि प्रश्नचिन्हानं संपणारं एक वाक्य लिहून मागा.

पुढचा प्रयत्न बहुधा असा येतो : 'या बातम्यांचा वाचकांवर काय परिणाम होतो?' इथं थांबवायला हवं. अंक वाचून अंकात काय छापलं आहे एवढंच कळतं. वाचकावर झालेला परिणाम कळत नाही आणि संपादकाचा हेतूही कळत नाही. परिणाम हवा असेल तर वाचकांकडे जावं लागेल, हेतू हवा असेल तर वृत्तसंपादकाच्या मुलाखती घ्याव्या लागतील. दोन्ही चांगली कामं आहेत, पण वेगळी आहेत.

चालण्याजोगा प्रश्न असा : 'प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनासाठी सूचना स्वीकारल्या. २०२३ साली दोन दैनिकांच्या विदर्भातल्या आवृत्त्यांनी त्या कितपत पाळल्या?' यात काळ आहे, जागा आहे, आणि तुलनेला ठरलेला मापदंड आहे. त्या सूचनांमध्ये बातमी ठळक जागी न देणं, भडक शीर्षक टाळणं, पद्धतीचा आणि ठिकाणाचा तपशील न देणं, छायाचित्र न वापरणं अशा स्पष्ट बाबी आहेत. मोजायला काहीतरी ठोस हाती लागतं ते असं.

*तपासणी :* प्रश्न वाचून दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाला 'नेमकं काय मोजणार?' हे सांगता आलं पाहिजे. त्याला सांगता आलं नाही तर सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यावर, सही करू नका.

टप्पा २ : दैनिक नव्हे, आवृत्ती निवडणे

विद्यार्थी लिहितो, 'अभ्यासासाठी लोकमत आणि सकाळ निवडले.' कुठली आवृत्ती, याचा पत्ता नसतो. पुण्याच्या विभागात शिकणारा मुलगा पुण्याचे अंक चाळतो आणि यवतमाळबद्दल निष्कर्ष काढतो. पुण्याच्या अंकात यवतमाळची बातमी आली नाही याचा अर्थ दैनिकानं ती दिली नाही असा होत नाही. ती नागपूर किंवा अकोल्याच्या अंकात, जिल्ह्याच्या पानावर असू शकते. आवृत्तीचं नाव सिनॉप्सिसमध्ये, पद्धतीच्या प्रकरणात आणि प्रत्येक तक्त्याच्या मथळ्यात आलं पाहिजे.

पुरवण्यांचा निर्णयही याच वेळी करून टाका. जिल्हा पुरवणी धरायची की नाही? रविवारची पुरवणी? वेगळी जिल्हा पुरवणी असलेल्या दैनिकाची तुलना जिल्ह्याची पानं मुख्य अंकातच देणाऱ्या दैनिकाशी करायची असेल, तर पुरवणी वगळून ती होणार नाही. माझं मत विचाराल तर या विषयात जिल्हा पुरवणी धरावी आणि रविवारची साहित्य-विचार पुरवणी वगळावी. दुसरं काही ठरवलं तरी चालेल, पण ते आधी ठरवा आणि कारण लिहून ठेवा.

अंक मिळतील का, हे आजच बघायला लावा. ई-पेपरचे जुने अंक सगळीकडे सारखे उघडत नाहीत. काही ठिकाणी वर्गणी लागते, काही ठिकाणी ठराविक काळापलीकडे जाता येत नाही. विभागाचं ग्रंथालय, नगर वाचनालय, जिल्हा माहिती कार्यालय यांच्याकडे फायली आहेत का, त्यात कुठले महिने गहाळ आहेत, याची यादी विद्यार्थ्यानं स्वतः जाऊन करावी.

*सावध :* शब्द टाकून बातम्या शोधण्यावर विसंबू देऊ नका. बऱ्याच ई-पेपरची पानं नुसती चित्रं असतात, किंवा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये असतो, आणि शोध कोरा येतो. मजकूर शोधता आला तरी दुसरी अडचण आहे. मराठी बातमीत 'आत्महत्या' हा शब्द असेलच असं नाही. 'जीवन संपवले', 'जीवनयात्रा संपवली', 'टोकाचे पाऊल उचलले' असं लिहिलेलं असतं. पान न् पान डोळ्यांखालून घालणं हाच मार्ग आहे, आणि किती अंक झेपतील याचा हिशेब त्यावरूनच करायचा आहे.

टप्पा ३ : नमुना काढणे

'सोयीस्कर नमुना निवडला' हे वाक्य दिसलं की पान परत द्या. सलग एक महिना घेणं सोयीचं असतं, पण त्या महिन्यात अधिवेशन किंवा निवडणूक असेल तर आकडे त्याचेच येतात.

वर्षभराच्या दैनिकासाठी 'रचित आठवडा' ही पद्धत रुळलेली आहे. २०२३ मधले सगळे सोमवार एका यादीत लिहा आणि त्यातून चिठ्ठी टाकून दोन निवडा. मग मंगळवार, मग बुधवार. सातही वार झाले की दोन रचित आठवडे, म्हणजे १४ तारखा मिळतात. दोन दैनिकांचे मिळून २८ अंक होतात. रिफ, ऑस्ट आणि लेसी या अभ्यासकांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की वर्षभराच्या दैनिकाचा सर्वसाधारण अंदाज येण्यासाठी दोन रचित आठवडे पुरतात. चिठ्ठ्या टाकताना वार वेगवेगळे ठेवायचे, कारण रविवारचा अंक आणि मंगळवारचा अंक यांची पानं आणि बातम्यांची भरती सारखी नसते.

आता यातली मेख. ती शिफारस सर्वसाधारण आशयासाठी आहे. विषय क्वचित छापून येणारा असेल तर २८ अंकांत हाती दहा-बारा बातम्या लागतात आणि त्यावर कुठलाही तक्ता उभा राहत नाही. म्हणून नमुन्याबाहेरचे पाच-सहा अंक आधी चाळून अंकामागे सरासरी किती बातम्या येतात ते बघा. सरासरी एकाच्या खाली असेल तर आठवडे वाढवा. चार रचित आठवडे करा, किंवा दर महिन्याला एक याप्रमाणे बारा. एम.ए.च्या कामासाठी शंभर ते दीडशे बातम्या हाती असाव्यात, असं मी धरतो. त्याहून फार जास्त असतील तर विद्यार्थी घाईत मोजतो.

नियम चिठ्ठ्या टाकण्याआधी लिहायचे. अंक निघत नाही अशा तारखा, म्हणजे स्वातंत्र्यदिन किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस, यादीतून आधीच काढायच्या. निघालेल्या तारखेचा अंक मिळाला नाही तर त्याच वाराची पुढची चिठ्ठी घ्यायची, शेजारचा दिवस उचलायचा नाही. २०२० चा अभ्यास असेल तर आणखी जपा. त्या वर्षी मार्चच्या शेवटी मुंबई-पुण्यात छापील अंकांचं वितरणच थांबलं होतं.

टप्पा ४ : एक बातमी म्हणजे काय?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढचे अर्धे वाद इथूनच निघतात. खालचे प्रसंग विद्यार्थ्यासमोर ठेवा आणि प्रत्येकाचा निर्णय लेखी घ्या.

'जिल्ह्यात तीन शेतकऱ्यांनी जीवन संपवले' अशी एकच बातमी आहे. ती एक धरायची की तीन? (एकक बातमी असेल तर एक. व्यक्तींची संख्या वेगळ्या रकान्यात.)

पहिल्या पानावर सुरू होऊन 'पान ४ वर' गेलेला मजकूर एकच बातमी. पण शेजारी स्वतंत्र शीर्षकाची चौकट असेल तर?

कर्जमाफीच्या मोर्चाच्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात आत्महत्येचा आकडा आला आहे. ती घ्यायची का? आपल्या प्रश्नापुरतं उत्तर 'नाही' असं आहे. एखाद्या विशिष्ट घटनेची बातमी असेल तरच घ्यायची. अग्रलेख, वाचकांची पत्रं आणि स्तंभ बाहेर.

'शेतकरी' कोण, हा सगळ्यात अवघड भाग. बातमीनं मृत व्यक्तीला शेतकरी म्हटलं असेल तरच 'शेतकरी'. शेतमजूर, शेतकऱ्याची पत्नी, 'शेतकरी कुटुंबातील तरुण' यांना वेगळे कोड, म्हणजे पत्रकात भरायचे वेगळे आकडे. सातबारा कुणाच्या नावावर असेल याचा अंदाज विद्यार्थ्यानं बांधायचा नाही.

*सावध :* बातम्यांची संख्या सरकारी आकड्यांशी ताडून 'वृत्तपत्रांनी इतक्या घटना दडवल्या' असा निष्कर्ष काढू देऊ नका. मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवण्याचे प्रशासनाचे निकष वेगळे आहेत, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं वर्गीकरण वेगळं आहे, आणि तुमचा नमुना तर मोजक्या तारखांचाच आहे.

टप्पा ५ : कोडिंग शीट

कोडिंग शीट म्हणजे प्रत्येक बातमीसाठी भरायचं रकान्यांचं पत्रक. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. दोन भेटी नुसत्या या पत्रकावर गेल्या तरी चालतील.

पहिल्या खर्ड्यात हा रकाना हमखास असतो : 'बातमी संवेदनशीलपणे दिली आहे का? होय / नाही'. त्याचा भाऊ म्हणजे 'बातमीचा सूर : सकारात्मक / नकारात्मक / तटस्थ'. आत्महत्येच्या बातमीचा सूर सकारात्मक कसा असेल, हे विद्यार्थ्यालाच विचारा. 'संवेदनशील' हा रकाना नसावा. तो निष्कर्ष आहे, आणि तो दहा साध्या निरीक्षणांमधून निघायला हवा. त्याचे तुकडे असे पाडता येतात :

- पान : पहिलं / आतलं / जिल्हा पुरवणी. पहिल्या पानावर असेल तर वरच्या घडीत की खाली.
- रुंदी : संक्षिप्त / एक कॉलम / दोन कॉलम / तीन वा जास्त.
- पद्धतीचा उल्लेख : शीर्षकात आहे का, मजकुरात आहे का. दोन वेगळे रकाने.
- नेमकं ठिकाण : गावाच्या पलीकडचा तपशील दिला आहे का.
- छायाचित्र : नाही / मृत व्यक्तीचं जुनं / घटनास्थळाचं / कुटुंबाचं.
- दिलेलं कारण : काहीच नाही / एकच / एकाहून जास्त.
- कारण कुणी सांगितलं : पोलीस / कुटुंब / गावकरी / स्रोत दिलेला नाही.
- मदतीची माहिती : टेली-मानस १४४१६ किंवा दुसरा हेल्पलाइन क्रमांक आहे का.

कारणाचे दोन रकाने मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. 'कर्जबाजारीपणाला कंटाळून' हा शब्दसमूह आपल्याकडे इतका ठरून गेला आहे की तो कुणी सांगितला हे बातमीत बऱ्याचदा येतच नाही. आत्महत्येला एकच सोपं कारण चिकटवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना सांगते. तेव्हा 'एकच कारण, स्रोत नाही' अशा बातम्या किती निघाल्या, हा प्रबंधातला सगळ्यात बोलका आकडा ठरू शकतो. चांगला रकाना असा नवा मुद्दा पुढे आणतो.

प्रत्येक रकान्याखाली एक-दोन ओळींचा नियम आणि एक उदाहरण हवं. 'गावाच्या पलीकडचा तपशील' म्हणजे काय? शेताचा गट क्रमांक, विहीर, पुलाचं नाव हे सगळं 'आहे'. नुसतं गाव आणि तालुका म्हणजे 'नाही'. ही नियमवही प्रबंधाच्या परिशिष्टात जाणार आहे, म्हणून ती पहिल्यापासून नीट लिहायला लावा.

*तपासणी :* 'इतर' या कोडमध्ये दहातल्या दोनाहून जास्त बातम्या पडत असतील तर पर्याय अपुरे आहेत. आणि एखाद्या रकान्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध सांगता येत नसेल तर तो काढा. 'बातमीदाराचं नाव आहे का' असे रकाने सवयीनं येतात आणि कुठल्याच तक्त्यात वापरले जात नाहीत.

टप्पा ६ : दुसऱ्या माणसाकडून पडताळणी

वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांची जोडी लावा. दोघं एकमेकांचे दुसरे कोडर, म्हणजे त्याच बातम्यांची पत्रकं स्वतंत्रपणे भरणारे. गाईडनं स्वतः दुसरा कोडर होऊ नये, कारण विद्यार्थी तुमच्या उत्तराकडे झुकतो.

क्रम असा ठेवा. नमुन्याबाहेरच्या वीसेक बातम्या दोघांनी वेगवेगळ्या बसून कोड करायच्या. मग समोरासमोर बसून जिथं जुळलं नाही तिथं नियम सुधारायचा. नव्या वीस बातम्या घेऊन पुन्हा. ही झाली तालीम. खरी चाचणी नमुन्यातल्या किमान दहा टक्के बातम्यांवर घ्यायची, आणि त्या वेळी बोलायचं नाही. एका खोलीत बसून 'तू काय टाकलंस?' विचारत भरलेली पत्रकं जुळतातच. त्यांना पडताळणी म्हणत नाहीत. नमुना लहान असेल तर दहा टक्के म्हणजे जेमतेम पंधरा बातम्या होतात. तेव्हा मी तीस-चाळीस मागतो.

आता आकडा. विद्यार्थी लिहितो, '९० टक्के जुळलं.' ते पुरत नाही, का ते फळ्यावर करून दाखवा. शंभर बातम्या आहेत आणि रकाना आहे 'छायाचित्र आहे / नाही'. दोन्ही कोडरनी प्रत्येकी ९० ठिकाणी 'नाही' आणि १० ठिकाणी 'आहे' लिहिलं. दोघांचं 'नाही' ८५ ठिकाणी जुळलं, 'आहे' ५ ठिकाणी. एकूण जुळणी ९०. पण 'नाही' इतकं जास्त असताना दोघांनी डोळे मिटून भरलं असतं तरी योगायोगानं ८२ ठिकाणी जुळलं असतं (०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१). योगायोगापलीकडे जुळण्याला जागा होती १८ ची, त्यातल्या ८ जुळल्या. ८ भागिले १८ म्हणजे ०.४४. योगायोग वजा करून जुळणी मोजणारा हाच गुणांक, कोहेनचा कापा. ज्या १५ बातम्यांत कुणा एकाला तरी छायाचित्र दिसलं, त्यातल्या फक्त ५ मध्ये दोघांना दिसलं, हे ९० टक्क्यांच्या आड झाकलं गेलं होतं.

जुळणी मोजणारा दुसरा गुणांक, क्रिपेनडॉर्फ या अभ्यासकाचा अल्फा, काढला तर ०.८० ची अपेक्षा धरतात, आणि ०.६६७ च्या खालच्या रकान्यावर निष्कर्ष काढू नये असं ते स्वतः सांगतात. आकडा प्रत्येक रकान्याचा वेगळा द्यायचा. सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा देणं ही सर्रास होणारी चूक आहे. पानाचा रकाना नेहमीच जुळतो आणि तो कारणाच्या रकान्याला सांभाळून नेतो. दोनदा सुधारूनही जो रकाना जुळत नाही तो काढून टाका आणि काढला असं प्रबंधात लिहा. परीक्षकाला त्याचं वाईट वाटत नाही.

*इथपर्यंत पोचल्याशिवाय मोजणी सुरू करू देऊ नका.* सत्राचा निम्मा वेळ इथवर गेला तरी बिघडत नाही.

टप्पा ७ : प्रत्यक्ष मोजणी

पुढचं काम बरंचसं यंत्रवत आहे. प्रत्येक बातमीचं कात्रण किंवा फोटो ठेवायचा आणि फाइलचं नाव एकाच साच्यात द्यायचं : तारीख, दैनिक, आवृत्ती, पान, क्रमांक. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ म्हणजे एक बातमी. कोड आकड्यांत, शेरा शेवटच्या रकान्यात. एका दैनिकाचं सगळं संपवून मग दुसरं घेऊ देऊ नका. महिनाभरात नजर बदलते आणि तो फरक दैनिकांमधला फरक म्हणून तक्त्यात उतरतो. दोन्ही दैनिकांचे अंक आलटून पालटून घ्यायचे. निम्मं काम झालं की पहिल्या आठवड्यातल्या दहा बातम्या जुनं पत्रक न बघता पुन्हा कोड करायला सांगा.

या विषयात आणखी एक गोष्ट गाईडनं पाहायलाच हवी. आठवडेच्या आठवडे मृत्यूच्या बातम्या वाचणं सोपं नसतं, आणि तुमच्या वर्गात शेतकरी घरातली मुलं असतात. एखाद्याच्या घरातच असं काही घडलेलं असू शकतं. विषय देण्याआधी एकट्यात बोला, बदलायचा मार्ग खुला ठेवा, रोजच्या बातम्यांची मर्यादा ठरवा. मधल्या भेटींत फक्त 'किती झालं?' असं विचारू नका. प्रबंधात मृत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं नकोत. परिशिष्टात कात्रणं लावायची असतील तर ती झाकून.

टप्पा ८ : तक्ते आणि लेखन

टक्केवारीशेजारी मूळ संख्या हवीच. पाच बातम्यांपैकी तीन म्हणजे '६० टक्के' असं लिहिलं की वाचक फसतो. काय-वर्ग चाचणी (दोन दैनिकांमधला फरक योगायोगाचा आहे का, हे पाहणारी) करायची असेल तर तक्त्याच्या घरांमधली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जात नाही ना, ते आधी बघा. नाहीतर पर्याय एकत्र करा किंवा चाचणी सोडा. 'अ' दैनिकात ६० बातम्या आणि 'ब' मध्ये ४० आहेत म्हणून 'अ' अधिक जागरूक, हे वाक्य खोडा. सूचनांप्रमाणे पाहिलं तर उलटही म्हणता येईल.

लेखनाचा क्रम विद्यार्थी पहिल्या प्रकरणापासून धरतात आणि तिथंच अडकतात. 'दर्पण'पासून सुरू होणारा मराठी पत्रकारितेचा तीस पानी इतिहास तयार होतो, ज्याचा २०२३ च्या बातम्यांशी संबंध नसतो. पद्धतीचं प्रकरण आधी लिहून घ्या, मोजणी चालू असतानाच. मग निष्कर्षांचं, मग पूर्वसाहित्य, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. इतिहासाला दोन परिच्छेद पुरे.

पूर्वसाहित्यात आलेला प्रत्येक संदर्भ प्रत्यक्ष उघडून दाखवायला लावा. एआयनं रचून दिलेली, अस्तित्वातच नसलेली लेखांची नावं आता सर्रास येतात. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचा प्रबंध असेल तर त्याचं पान उघडा.

साहित्यचौर्याच्या तपासणीबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. चाळीस ते साठपर्यंत वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि साठच्या पुढे नोंदणी रद्द होते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा. जुन्या फॉण्टमधलं मराठी सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि मग शून्य टक्के साम्याचा अहवाल येतो. त्यावर खूश होऊ नका.

टप्पा ९ : व्हायवाची (तोंडी परीक्षेची) तयारी

प्रेझेंटेशनच्या स्लाइड सजवण्यात शेवटचा आठवडा घालवू देऊ नका. तीन प्रश्नांची तयारी करून घ्या : हीच आवृत्ती का, हे रकाने कुठून आले, आणि दुसऱ्या कोडरशी सगळ्यात कमी कुठं जुळलं. मग तुम्ही त्या दिवसाच्या अंकातली एक बातमी समोर ठेवा आणि विद्यार्थ्याला नियमवहीप्रमाणे ती तिथल्या तिथं कोड करायला सांगा. जमलं तर प्रबंध त्याचाच आहे. स्प्रेडशीट, नियमवही आणि दोन्ही कोडरची मूळ पत्रकं विभागाकडे जमा करून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी हाच विषय मागणाऱ्या विद्यार्थ्याला २०२४ चे अंक देऊन त्याच पत्रकावर बसवता येईल.